घरगुती उपकरणांचे अर्थिंग आणि उच्च दाबाची वीज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरांतील आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा गृहीत धरून दिले आहेत. १२० व्होल्टच्या पुरवठ्यात आकडे बदलतात, त्यामागची कारणे बदलत नाहीत. ‘बॉडी’ हा शब्द येथे उपकरणाच्या बाहेरच्या धातूच्या भागासाठी वापरला आहे आणि माणसासाठी ‘शरीर’ असे लिहिले आहे, कारण दुरुस्तीच्या बोलण्यात या दोहोंची गल्लत नेहमी होते.

अर्थिंग नेमके काय करते? करंट जमिनीत जाऊन जिरतो, हे खरे का?

करंट जमिनीत जिरत नाही. वीज ज्या ट्रान्सफॉर्मरमधून निघते त्याच ट्रान्सफॉर्मरकडे तिला परतावे लागते, आणि परतीची वाट नसेल तर ती निघतच नाही. बहुतेक ठिकाणी ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल, म्हणजे परतीच्या वायरीचे टोक, जमिनीला जोडलेला असतो. त्यामुळे जमीन हीसुद्धा परतीची एक वाट ठरते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीला, शिवला की त्याचे शरीर त्या वाटेचा एक तुकडा बनते.

समजा, फ्रीजच्या मागच्या बाजूची फेजची वायर कंप्रेसरच्या थरथरीने पत्र्याच्या कडेवर घासत राहिली, तिचे आवरण सोलले गेले आणि आतली तांब्याची तार पत्र्याला टेकली. अर्थिंग नसेल, म्हणजे बॉडी वायरीने जमिनीला जोडलेली नसेल, तर यानंतर काहीच घडत नाही, आणि धोका नेमका येथेच आहे. फ्रीज पूर्वीसारखा चालतो, बर्फ जमतो, आवाजातही फरक पडत नाही. फक्त त्याचा पत्रा आता २३० व्होल्टवर असतो आणि हे कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कोणीतरी हात लावणे. अर्थिंग चांगले असेल तर तार टेकताक्षणी बॉडीतून अर्थच्या वायरीत मोठा प्रवाह धावतो, एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो किंवा फ्यूज उडतो आणि फ्रीज बंद होतो. मुका दोष बोलका करून पुरवठा तोडायला लावणे, हे अर्थिंगचे काम आहे. त्यामुळे अर्थिंगचा विचार एकट्याने करता येत नाही; त्याच्या जोडीला पुरवठा तोडणारे साधन असावेच लागते.

घराबाहेर खड्डा खणून, पाइप गाडून, मीठ-कोळसा भरून अर्थिंग केले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

पुरवठ्यासोबत अर्थची स्वतंत्र वायर येत नसेल, म्हणजे आपला खड्डा हीच परतीची एकमेव वाट असेल, तर ते पुरेसे नाही. याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे.

आपल्या खड्ड्याचा रोध १० ओहम आहे, जो मुळीच वाईट म्हणता येणार नाही, आणि ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा रोध नगण्य आहे, असे धरू. फेज बॉडीला टेकल्यावर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर प्रवाह वाहील. बोर्डात १६ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी आहे. तो तत्काळ पडण्यासाठी रेटिंगच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. त्याच्या आतली तापून वाकणारी पट्टी १.४५ पट प्रवाहाला, म्हणजे २३.२ अँपिअरला, तासाभरात काम करते अशी अपेक्षा असते. आपले २३ अँपिअर त्याच्याही किंचित खालीच आहेत. थोडक्यात, एमसीबी तासभर शांत बसू शकतो आणि त्या संपूर्ण काळात १० ओहमवर २३ अँपिअर वाहत असल्यामुळे बॉडीवर जवळपास पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. अर्थिंग आहे, खड्डा उत्तम आहे, तरीही फ्रीजचा दरवाजा प्राणघातक आहे.

याच घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवला तर चित्र पालटते. त्याला पडण्यासाठी अँपिअरचा तिसावा-चाळिसावा भाग पुरतो. खड्डा सुकून त्याचा रोध १०० ओहम झाला तरी २.३ अँपिअर वाहतात आणि तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. ज्या पुरवठ्यात अर्थची वायर थेट ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत धातूनेच जोडलेली असते, तेथे दोषाचा प्रवाह शेकडो अँपिअरपर्यंत चढतो आणि एमसीबीही वेळेत पडतो. आपल्याकडे यांतला कोणता प्रकार आहे, हे वायरमनला विचारण्याचा पहिला प्रश्न असायला हवा. सहसा विचारले जाते ते खड्डा किती खोल घेतला एवढेच.

मिठाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते मातीचा रोध उतरवते खरे, पण लोखंडी पाइपही खाते आणि पाण्याबरोबर वाहूनही जाते. अनेक वर्षे कोणी न पाहिलेल्या खड्ड्यात पाइप आणि वायर यांचा जोड हिरवट भुकटी होऊन सुटलेला सापडणे, ही नवलाची गोष्ट नाही.

एमसीबी आणि आरसीसीबी यांत फरक काय?

एमसीबी वायरीचे रक्षण करतो आणि आरसीसीबी माणसाचे करतो. एमसीबी फक्त प्रवाह किती आहे ते पाहतो. आरसीसीबीमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एकाच लोहचुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. जितका प्रवाह गेला तितकाच परत आला तर कड्यातील परिणाम शून्य होतो, आणि काही भाग दुसऱ्या वाटेने, म्हणजे अर्थमधून किंवा कोणाच्या शरीरातून, परतला तर तो फरक कड्यावरच्या कॉइलला जाणवून स्विच पडतो. मात्र ओव्हरलोड किंवा फेज-न्यूट्रलमधला शॉर्ट तो ओळखत नाही, म्हणून दोन्ही साधने लागतात. दोन्ही कामे एकत्र करणाऱ्या साधनाला आरसीबीओ म्हणतात.

दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीच्या दृष्टीने आपण एक दिवाच असतो आणि तो पडत नाही. दुसरे म्हणजे, तो शॉकचा जोर कमी करत नाही, त्याचा काळ कमी करतो. शरीरातून २०० मिलिअँपिअर वाहायचे असतील तर तेवढेच वाहतात, पण काही शतांश सेकंदच, आणि हृदयाचा एक ठोका साधारण पाऊण सेकंदाचा असतो.

आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण अधूनमधून दाबून तो पडतो का, हे अवश्य पाहावे. मात्र हे बटण फक्त आरसीसीबी तपासते, घराचे अर्थिंग नव्हे. अर्थची वायर तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर तो पडतोच.

किती करंट माणसाला धोकादायक असतो?

साधारण अर्धा मिलिअँपिअर जाणवू लागतो. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘विजेने ओढून धरले’ असे आपण म्हणतो, पण वीज ओढत नाही, आपलीच मूठ आवळली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चार्ल्स डॅलझिल यांनी ही ‘सोडता येण्याची’ मर्यादा स्वयंसेवकांवर मोजली होती. त्यांच्या मोजमापात ६० हर्ट्झला पुरुषांची सरासरी सुमारे १६ आणि स्त्रियांची सुमारे १०.५ मिलिअँपिअर आली. अमेरिकेत घरोघरी वापरले जाणारे, सुमारे ५ मिलिअँपिअरला पडणारे संरक्षक साधनही त्यांच्याच कामातून आले. ३० मिलिअँपिअरच्या आसपास श्वासाचे स्नायू अडकू शकतात, आणि त्याहून अधिक प्रवाह सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून ते नुसतेच थरथरू लागते.

कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो, पण ओल्या हाताने घट्ट धरल्यावर शरीराचा रोध १००० ओहमच्या घरात येतो. २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. ‘मला कितीदा शॉक लागला, काही होत नाही’ असे सांगणाऱ्यांनी प्रत्येक वेळी आपले हात कोरडे होते आणि पायांत चप्पल होती, एवढेच सिद्ध केलेले असते.

लॅपटॉप किंवा टीव्हीच्या धातूच्या भागावरून हात फिरवला की झिणझिण्या येतात. हा दोष आहे का?

पुष्कळदा नाही. अशा उपकरणांच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट (नको असलेली स्पंदने) गाळण्यासाठी फेज आणि बॉडी, तसेच न्यूट्रल आणि बॉडी यांच्यामध्ये लहान कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) बसवलेले असतात. अर्थ जोडलेला नसेल तर या दोन सारख्या कपॅसिटरांच्या मधोमध टांगलेली बॉडी अर्ध्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. मल्टिमीटरने हा आकडा पाहून माणूस घाबरतो, पण ४.७ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला जेमतेम ०.३४ मिलिअँपिअर वाहू शकतो. तीन पिनांचा चार्जर अर्थ असलेल्या सॉकेटला लावला की झिणझिण्या थांबतात. थांबल्या नाहीत तर त्या सॉकेटमध्ये अर्थ नाही असे समजावे.

हाच दिलासा वॉशिंग मशीन, गीझर, पंप किंवा फ्रीजला मात्र लागू करू नये. त्यांच्या बाबतीत झिणझिण्या म्हणजे ओलावा शिरला, इन्सुलेशन उतरले किंवा अर्थ तुटला असेच धरावे आणि तपासणी होईपर्यंत उपकरण बंद ठेवावे. आज बारीक वाटणारी झिणझिणी आरसीसीबी नसलेल्या घरात उद्या, फरशी ओली असताना, बारीक राहील याची हमी नसते.

तिसरी पिन सॉकेटमध्ये बसत नव्हती म्हणून काढून टाकली. उपकरण व्यवस्थित चालते. काही बिघडले का?

उपकरण चालणे आणि उपकरण सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थची पिन उपकरण चालवण्यासाठी नसतेच, म्हणून ती काढल्याने काही बिघडल्यासारखे दिसत नाही. अनेक प्रकारच्या प्लगांत ही पिन इतरांपेक्षा लांब ठेवलेली असते, जेणेकरून प्लग खुपसताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा.

एक प्लग मला चांगला आठवतो. इस्त्रीचा पत्रा ‘करंट मारतो’ म्हणून ती इस्त्री माझ्यासमोर आली होती. बाहेरून प्लग तीन पिनांचा आणि नवा कोरा होता. झाकणाचा स्क्रू काढल्यावर दिसले की तपकिरी आणि निळी वायर आपापल्या पिनेत घट्ट कसलेली आहे, आणि हिरवी-पिवळी, म्हणजे अर्थची, वायर आवरणाच्या तोंडाशी नीट छाटून, तिच्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन बाजूला दडपली आहे. जाड पिनेचा स्क्रू तर एकदाही फिरवलेला दिसत नव्हता. ज्याने हे केले त्याने मेहनत वाचवली असेही नाही, कारण छाटून पट्टी गुंडाळायला जोडण्याइतकाच वेळ लागतो. त्याला ती वायर ‘जादा’ वाटली होती, इतकेच.

प्लग जोडताना हिरवी-पिवळी वायर आत इतर दोघींपेक्षा थोडी लांब, सैल ठेवावी. दोरी हिसकली जाऊन जोड सुटलेच तर फेज आधी सुटावा आणि अर्थ शेवटी.

सॉकेटमध्ये अर्थ नाही. अर्थचे भोक आतून न्यूट्रलला जोडून दिले तर चालेल का?

चालणार नाही. या पानावरच्या सर्व चुकांत ही सर्वांत घातक चूक आहे. न्यूट्रल शेवटी जमिनीलाच जोडलेला असतो, हा युक्तिवाद न्यूट्रल अखंड आहे तोवरच टिकतो. बोर्डातला न्यूट्रलचा एक स्क्रू सैल पडला की फेज उपकरणाच्या मोटरमधून किंवा कॉइलमधून न्यूट्रलच्या तुटक्या टोकावर येतो, तेथून त्या जोडतारेने अर्थच्या पिनेवर आणि पिनेवरून थेट बॉडीवर. म्हणजे उपकरणात कोणताही दोष नसताना, केवळ स्विच चालू केल्याने, बॉडी २३० व्होल्टवर जाते. अर्थ नसलेल्या सॉकेटपेक्षा हा सॉकेट जास्त धोक्याचा आहे. नवीन अर्थची वायर ओढणे शक्य नसेल तर निदान आरसीसीबी बसवावा आणि तो सॉकेट जड उपकरणांसाठी वापरू नये.

घरात अर्थिंग आहे की नाही, हे टेस्टरने कळते का?

नाही. अर्थच्या भोकात टेस्टर घातला आणि दिवा लागला नाही, तर अर्थ उत्तम आहे किंवा तेथे वायरच नाही, यांपैकी काहीही खरे असू शकते. मल्टिमीटर थोडे अधिक सांगतो. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही दोन मापे जवळपास सारखी यावीत. न्यूट्रल-अर्थमध्ये लोड चालू असताना एक-दोन व्होल्ट दिसणे स्वाभाविक आहे, पण तेथे दहा-वीस व्होल्ट दिसले तर न्यूट्रल सैल किंवा अर्थ तुटलेला असण्याची शंका घ्यावी. तरीही, मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नसल्यामुळे केसाएवढ्या एका तारेवर लटकलेला अर्थही त्याला निर्दोष दिसतो. वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा दिवा लावून पाहतात, त्यातही फक्त ०.४३ अँपिअर वाहतो. २० ओहमचा खराब अर्थ असला तरी दिवा तितकाच लख्ख पेटतो. (आरसीसीबी असेल तर तो या चाचणीत पडायलाच हवा.) खरी परीक्षा दोषाच्या संपूर्ण वाटेचा रोध मोजणाऱ्या लूप टेस्टरने होते, आणि ते काम परवानाधारक माणसाकडून करून घ्यावे.

चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या उपकरणांना तिसरी पिन का नसते?

ती दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे. आतले एक आवरण फाटले तरी दुसरे उरेल अशी रचना असते, म्हणून अर्थ लागत नाही. हेअर ड्रायर, ड्रिल मशीन, मोबाइलचे चार्जर बहुधा या वर्गातले असतात. मात्र अशा उपकरणाचे कवच तडकले तर ते चिकटपट्टीने जोडून वापरू नये, कारण ते कवच हाच त्याचा अर्थ आहे.

गीझर आणि पाण्यात बुडवायचा रॉड यांच्याबाबत वेगळी काळजी का?

दोन्हींत तापणारी तार धातूच्या नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत बसवलेली असते. क्षार साचून नळी जास्त तापते, तिला टाचणीएवढे भोक पडते आणि पाणी तारेपर्यंत पोचते. त्यानंतर टाकीतले पाणीच फेजला जोडलेले असते आणि अंगावर पडणारी धार त्याचाच विस्तार ठरते. पूर्वी धातूचे नळ काही प्रमाणात अर्थिंगचे काम करत. प्लास्टिकच्या पाइपांनी ती वाट बंद केली. म्हणून गीझरला अर्थ, आरसीसीबी आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच असावा. एकेरी स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असेल तर ‘बंद’ असतानाही उपकरण फेजवरच राहते. रॉडच्या बाबतीत स्विच बंद करून प्लग हातात आल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

आरसीसीबी सारखा पडतो. वायरमन म्हणतो, तो काढून टाकू. काय करावे?

तो खोटे बोलत आहे असे मानण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि हे मी वायरमनविषयी नव्हे, आरसीसीबीविषयी म्हणत आहे. सर्व प्लग काढून एकेक लावत गेल्यास अपराधी उपकरण बहुधा सापडते. पुष्कळ दिवस न वापरलेल्या ओव्हनच्या कॉइलमधील भुकटी हवेतला दमटपणा शोषते आणि काही काळ गळती दाखवते. कधी दोष एका उपकरणाचा नसतो. प्रत्येकाची अल्पशी गळती जमा होऊन एकूण आकडा १५-२० मिलिअँपिअरवर जातो, आणि ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कोठेही पडू शकतो. अशा वेळी सर्किटे विभागून दोन आरसीसीबी लावावेत. इन्व्हर्टर प्रकारच्या एअर कंडिशनर किंवा वॉशिंग मशीनसाठी ‘एसी’ नव्हे तर निदान ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी घ्यावा, कारण त्यांच्या गळतीत एकदिश प्रवाहाचा अंश असू शकतो आणि तो ‘एसी’ प्रकाराला नीट दिसत नाही.

गॅस लायटरमध्ये हजारो व्होल्ट असतात, तरी काही होत नाही. मग उच्च दाबाला घाबरायचे कशाला?

दाब ढकलतो, पण इजा करतो तो प्रवाह, आणि प्रवाह किती वेळ टिकेल हे मागे साठलेल्या ऊर्जेवर ठरते. लायटरच्या स्फटिकात ऊर्जा इतकी अल्प असते की ठिणगीतच ती संपते. डास मारण्याच्या रॅकेटमध्येही तसेच. पण ज्या उपकरणात उच्च दाबाच्या मागे दमदार ट्रान्सफॉर्मर उभा असतो तेथे हा हिशेब पूर्ण उलटतो, आणि घरात असे एक उपकरण बहुतेकांच्या ओट्यावर असते.

मायक्रोवेव्ह ओव्हन आतून इतका धोकादायक का मानतात?

कारण त्याचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे सुमारे २००० व्होल्ट करतो, पुढे कपॅसिटर आणि डायोड मिळून ते मॅग्नेट्रॉनसाठी (सूक्ष्मलहरी तयार करणाऱ्या नळीसाठी) ४००० व्होल्टच्या आसपास नेतात, आणि या दाबाला शेकडो मिलिअँपिअर पुरवण्याची ताकद त्यात असते. दुसरे कारण कमी जणांना ठाऊक असते : येथे आरसीसीबी मदतीला येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याचे एक टोक ओव्हनच्या पत्र्याला जोडलेले असते. उच्च दाबाच्या टोकाला स्पर्श झाला तर प्रवाह हातातून पत्र्यात आणि पत्र्यातून थेट त्या वेटोळ्यात परततो. घरच्या बोर्डाकडे पाहता फेज-न्यूट्रलमध्ये काहीच फरक पडत नाही. पत्रा स्वतःच उच्च दाबाच्या मंडलाचा भाग असल्यामुळे मायक्रोवेव्ह अर्थशिवाय कधीही चालवू नये. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या नादात अनेकांचे जीव गेले आहेत, ते याच कारणाने.

प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये २८०० व्होल्टपर्यंत दाब उरू शकतो. त्याच्या आत साधारण १० मेगाओहमचा एक रोधक असतो. १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला तो मिनिटभरात जवळपास रिकामा करतो. पण हा रोधक तुटला आहे की शाबूत, हे बाहेरून दिसत नाही. साध्या मल्टिमीटरने येथे दाब मोजायचा प्रयत्न करू नये, कारण त्याचे प्रोब बहुधा ६०० किंवा १००० व्होल्टसाठीच असतात. दार उघडताना फ्यूज वारंवार उडत असेल तर फ्यूज बदलत राहू नये. दाराच्या स्विचांपैकी एखादा चिकटला की मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवणारा एक पहारेकरी स्विच आत असतो, आणि तो आपले काम करत असतो.

इतर कोणत्या उपकरणांत प्लग काढल्यावरही शॉक बसू शकतो?

इन्व्हर्टर एसी, इंडक्शन शेगडी, टीव्हीचा पॉवर सप्लाय यांत २३० व्होल्ट सरळ करून सुमारे ३२५ व्होल्ट कपॅसिटरमध्ये साठवतात. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबच्या रंगीत टीव्हीत २५ ते ३० हजार व्होल्ट असत, आणि ट्यूब स्वतःच कपॅसिटरसारखी भरून राही. तिचा झटका बहुधा स्वतः जीव घेत नाही, पण हात असा मागे फेकला जातो की टोकदार पत्र्याने कापतो किंवा ट्यूब फुटते.

कोणाला शॉक लागत असेल तर नेमके काय करावे?

त्या माणसाला हात लावू नये. मेन स्विच किंवा प्लग बंद करावा. ते जमतच नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकने, स्वतः कोरड्या जागेवर उभे राहून, वायर दूर सारावी. हे फक्त घरगुती दाबासाठी आहे. बाहेरची उच्च दाबाची तार तुटून पडली असेल तर लांब राहून पुरवठा बंद होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. सुटका झाल्यावर माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर रुग्णवाहिका बोलवायला सांगून लगेच छातीच्या मध्यावर, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देणे सुरू करावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. जवळपास स्वयंचलित डिफिब्रिलेटर असेल तर तो आणवावा.

माणूस उठून बसला, ‘बरा आहे’ म्हणाला, तरी छातीत धडधड, चक्कर, भाजल्याची खूण किंवा क्षणभर शुद्ध हरपल्याचे सांगत असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे. त्वचेवर वाटाण्याएवढा डाग दिसतो तेव्हा आतल्या स्नायूंची इजा त्याहून मोठी असू शकते. करंट कोणत्या हातातून शिरला, पाय ओले होते का आणि तो किती वेळ चिकटून होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.